क्रॉलरला नवे भाग बसवताना: आधी काय, नंतर काय आणि कुठे चुकतं

क्रॉलर म्हणजे दगडांवरून हळूहळू चढणारी रिमोटची गाडी. मोटर बदलली, तरी ती त्याच दगडावर त्याच जागी अडकते. वर आता पुढच्या ॲक्सलमधून कटकट आवाज येतोय. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टायर कोणते आहेत? बहुतेक वेळा उत्तर येतं, गाडीबरोबर आलेलेच.

घेतलेले भाग सहसा चांगलेच असतात, लावण्याचा क्रम उलटा असतो. ताकद कमी पडली म्हणून क्रॉलर अडकल्याचं मी क्वचितच पाहिलंय. टायरची पकड सुटते, नाक हलकं असल्यानं चढावर वर उचललं जातं, नाहीतर दगडांच्या बेचक्यात अडकलेली चाकं वळत नाहीत. यातल्या कशावरच मोटर हा उपाय नाही. म्हणून क्रम असा ठेवा: टायर, वजन, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), मग लिंक (ॲक्सल आणि चॅसिस जोडणारे दांडे) आणि शॉक, मग ॲक्सलचे गिअर, आणि सगळ्यात शेवटी मोटर.

इथे १/१० मापाच्या गाड्या गृहीत धरल्या आहेत: ॲक्झिअलची एससीएक्स१०, ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ आणि त्यांच्या जातीच्या. १/२४ मापाच्या एससीएक्स२४ सारख्या छोट्या गाड्यांना क्रम हाच लागू आहे, आकडे मात्र नाहीत.

टप्पा १: काहीही मागवण्याआधी मोजून ठेवा

एक लांब फळी घ्या, तिच्यावर जाड सँडपेपर चिकटवा. गाडी फळीवर ठेवा आणि फळीचं एक टोक हळूहळू उचला. नाक वर करून, नाक खाली करून आणि आडवी, अशा तिन्ही स्थितींत गाडी कोणत्या कोनात घसरते किंवा उलटते ते मोबाइलमधल्या कोनमापकानं मोजून लिहून ठेवा. मग नेहमीच्या जागेतला एक दगड निवडा, जो गाडी दहापैकी चार-पाच वेळा चढते. प्रत्येक बदलानंतर हीच फळी आणि हाच दगड. हे केलं नाही, तर नवा भाग चांगला वाटतो तो निव्वळ नवा आहे म्हणून.

दुसरं मोजमाप वजनाचं. एकाच उंचीचे दोन स्वयंपाकघरातले काटे घ्या, एकावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची. बॅटरी आत आणि बॉडी वर हवी.

तिसरं काम गाडी ओळखण्याचं. ‘एससीएक्स१० साठी’ एवढंच लिहिलेला भाग घेऊ नका. एससीएक्स१०, एससीएक्स१० टू आणि एससीएक्स१० थ्री यांचे ॲक्सल एकमेकांपेक्षा वेगळे आहेत, आणि थ्रीमध्येही पोर्टल ॲक्सलची (चाकापाशी जादा गिअर असलेल्या ॲक्सलची) गाडी आणि सरळ ॲक्सलची गाडी असा फरक आहे. मॅन्युअलमधलं सुटे भाग वेगवेगळे दाखवणारं चित्र उघडा, मूळ भागाचा क्रमांक शोधा आणि नवा भाग त्या क्रमांकाच्या जागी बसतो असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा.

*तपासा:* चाकाचं हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) १२ मिमी आहे ना, रिम १.९ इंची आहे की २.२ इंची, आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) किती. या तीन गोष्टी कागदावर नसतील तर अजून खरेदीची वेळ आलेली नाही.

टप्पा २: हत्यारं, स्क्रू आणि आटे

निम्मे भाग बसवताना खराब होतात. कारण जवळजवळ नेहमी झिजलेली ॲलन की. १.५, २ आणि २.५ मिमीचे चांगल्या पोलादाचे हेक्स ड्रायव्हर आणि चाकाच्या एम४ नटासाठी ७ मिमीचा पाना, एवढं आधी घ्या. गाडीबरोबर येणारी वाकडी चावी ड्रॉवरमध्ये राहू दे.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना तो आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांवर आला की बारीकसा ‘टक’ जाणवतो; तिथून सुलटा फिरवा. तसं न करता दाबून फिरवलात तर दरवेळी नवे आटे पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला स्क्रू नुसताच फिरत राहतो.

थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त धातूत बसणाऱ्या धातूच्या स्क्रूला, तोही निळा, तोही थेंबभर. लावण्याआधी दोन्ही बाजूंचं तेल पुसून काढा, नाहीतर तो धरतच नाही. प्लॅस्टिकजवळ नेऊ नका; काही प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात.

*सावध:* पितळी किंवा ॲल्युमिनिअमच्या भागाची जाडी मूळ प्लॅस्टिकपेक्षा वेगळी असते. जुना स्क्रू नव्या भागात लांब ठरू शकतो आणि त्याचं टोक आत गिअरला किंवा बेअरिंगला घासतं. हातानं सहज फिरणारा ॲक्सल शेवटच्या स्क्रूनंतर अचानक जड झाला, तर दोष बहुधा त्या स्क्रूच्या लांबीतच आहे.

टप्पा ३: टायर, फोम आणि रिम

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. मऊ रबराचे टायर घ्या, पण तिथेच थांबू नका. टायरच्या आतला फोम तितकाच महत्त्वाचा आहे. फोम फार कडक असेल तर टायर दगडाला कवेत घेत नाही, फार मऊ असेल तर आडव्या उतारावर टायर दुमडतो आणि गाडी कलंडते. बाहेरून मऊ आणि आतून कडक असा दुहेरी फोम हे दोन्ही सांभाळतो. हलकी गाडी असेल तर मूळ फोम थोडा कापूनही बराच फरक पडतो. ते आधी करून पाहा.

रिम बीडलॉकची घ्या. टायर गोंदानं न चिकटवता कड्यांमध्ये आवळला जातो, त्यामुळे फोम बदलता येतो. कडी आवळताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे घट्ट करा. एकाच बाजूनं आवळत गेलात तर टायर तिरका बसतो आणि चाक डगडगतं. रिमला किंवा टायरला हवेचं भोक असलंच पाहिजे. हवा अडकली की टायर फुगलेल्या चेंडूसारखा उड्या मारतो.

मोठ्या टायरचा मोह सर्वांना होतो. व्यास वाढला की गाडीचं पोट वर जातं हे खरं, पण गिअरिंग उंच होतं (वेग वाढतो, जोर घटतो), सर्व्होवरचा भार वाढतो आणि टायर बॉडीला घासतो. १०५ मिमीवरून १२० मिमीवर गेलात तर तोच पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं गिअर) सुमारे १४ टक्के मोठ्या गिअरसारखा वागतो. पिनियनचे दाते त्या मानानं कमी करा.

रिमचा ऑफसेटही बघा. चाक जितकं बाहेर सरकेल तितकी गाडी आडव्या उतारावर स्थिर होते, पण स्टिअरिंगच्या आसापासून टायर दूर गेल्यानं वळवायला जास्त जोर लागतो. रुंद रिम बसवली आणि सर्व्हो कमजोर झाल्यासारखा वाटू लागला, तर कारण हे आहे.

*तपासा:* बॉडी बसवा, एक पुढचं चाक पूर्ण वर दाबा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायर कुठे घासतो ते आत्ताच कळू द्या.

टप्पा ४: वजन, पण योग्य जागी

इथे लोक सर्वाधिक पैसे वाया घालवतात, म्हणून जरा थांबून.

समजा गाडी २,८०० ग्रॅमची आहे आणि पुढच्या काट्यावर १,४०० ग्रॅम दिसतात, म्हणजे पुढे ५० टक्के. चढासाठी पुढे साधारण ६० टक्क्यांच्या आसपास हवेत. पहिला उपाय फुकटचा: २५० ग्रॅमची बॅटरी मागून १५० मिमी पुढे सरकवा. ३१३ मिमी व्हीलबेसच्या गाडीत त्यानं सुमारे १२० ग्रॅम भार पुढच्या चाकांवर येतो आणि पुढची बाजू ५४ टक्क्यांवर जाते. आता पुढच्या ॲक्सलवर ३०० ग्रॅम पितळ चढवा: एकूण ३,१०० ग्रॅम, पुढे १,८२०, म्हणजे जवळजवळ ५९ टक्के. झालं काम.

पितळ कुठे? ॲक्सलच्या मध्यरेषेच्या आसपास किंवा खाली: स्टिअरिंग नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग), पोर्टलची झाकणं, चाकाचे हेक्स, रिमच्या आतली कडी. डिफचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या कप्प्याचं) झाकणही चालतं. चॅसिसवर, शॉक टॉवरवर किंवा बंपरवर जड धातू लावणं म्हणजे गुरुत्वमध्य वर नेणं. ॲल्युमिनिअमचे शॉक टॉवर दिसतात देखणे, पण दगडावर त्यांचा उपयोग मला आजवर कळलेला नाही.

दुसरी बाजू छपराची. वरचा रॅक, डबे, सुटं चाक, शिडी, दिव्यांची पट्टी; ही सगळी सजावट मिळून सहज दोनशे ग्रॅम भरते आणि तीही सगळ्यात वरच्या जागी. खाली पितळ लावायचं आणि वर डबे बांधायचे, हा हिशोब जुळत नाही. फळीवरची आडवी चाचणी बॉडीसकट आणि बॉडीशिवाय करून बघा, मग काय उतरवायचं ते तुम्हीच ठरवाल.

*सावध:* पुढे ६५ टक्क्यांच्या वर गेलात तर तीव्र उतारावर मागची चाकं उचलली जातात आणि गाडी नाकावर पडते. पितळ एकदम सगळं लावू नका. आधी नकल किंवा पोर्टलची झाकणं, मग फळी, मग पुढचं.

टप्पा ५: सर्व्हो

टायरला पकड आली आणि पुढे वजन आलं की मूळ सर्व्हो हरतो. हे अपेक्षितच आहे, म्हणून तो तिसऱ्या क्रमांकावर. १.९ इंची चाकांच्या वजनदार गाडीला २५ ते ३५ किलो-सेंमीचा धातूच्या गिअरचा सर्व्हो पुरतो. पण डब्यावरचा आकडा कोणत्या व्होल्टेजला आहे ते वाचा. ८.४ व्होल्टला ३५ किलो देणारा सर्व्हो ६ व्होल्टला बराच कमी देतो.

आता खरी गोम. सर्व्होला वीज ईएससीतल्या (मोटरचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरमधल्या) बीईसीकडून (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या सर्किटकडून) मिळते, आणि साध्या ईएससीत ती बऱ्याचदा ६ व्होल्ट आणि ३ अँपिअरच्या आसपास असते. दगडात अडकलेला ताकदवान सर्व्हो याहून जास्त मागतो. बीईसी झुकतो, रिसीव्हरचं व्होल्टेज पडतं आणि गाडी क्षणभर मेल्यासारखी होते. लोक रिमोटला दोष देतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून दगडाला टेकवलं असताना रिसीव्हरचा दिवा मिणमिणला, तर दोष विजेचा आहे.

उपाय म्हणजे वेगळा बीईसी. बसवण्याचा क्रम:

१. बीईसीचं व्होल्टेज बसवण्याआधी ठरवून मल्टिमीटरनं मोजा.

२. त्याच्या इनपुटच्या तारा बॅटरीच्या तारांना जोडा, लाल-काळी नीट बघून.

३. आउटपुट थेट सर्व्होला द्या. सर्व्होची सिग्नलची तार रिसीव्हरलाच राहील आणि काळी तार दोन्हीकडे जोडलेली राहील. ही काळी तार सुटली तर सर्व्हो वेड्यासारखा थरथरतो.

४. बीईसी सर्व्होऐवजी रिसीव्हरला लावणार असाल, तर ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून तिला टेप गुंडाळा. दोन बीईसी एकाच तारेवर भांडायला लावू नका. आणि रिसीव्हरला ते व्होल्टेज चालतं का ते आधी वाचा.

सर्व्होच्या हॉर्नचे (त्याच्या दांड्यावर बसणाऱ्या छोट्या हाताचे) दाते मोजा. सध्या बहुतेक सर्व्होंना २५ दाते असतात, पण जुन्या हायटेकला २४ आणि जेआर, केओ पठडीच्या सर्व्होंना २३ असतात. ‘जवळपास बसतोय’ म्हणून हॉर्न ठोकलात तर दाते गेलेच. धातूच्या सर्व्होला धातूचाच, बाजूनं आवळणारा हॉर्न हवा. आणि प्लॅस्टिकचा सर्व्हो सेव्हर (धक्का झेलणारा स्प्रिंगचा हॉर्न) तसाच ठेवलात तर नव्या सर्व्होची सगळी ताकद त्याच्या स्प्रिंगमध्येच जिरते. माझ्या पहिल्या गाडीत मी नेमकं हेच केलं होतं आणि महिनाभर सर्व्होलाच शिव्या घालत होतो.

हॉर्न बसवण्याआधी रिमोट आणि गाडी चालू करा, ट्रिम शून्यावर आणा आणि सर्व्होला आपोआप मध्यावर येऊ द्या. मग हॉर्न असा बसवा की तो ड्रॅग लिंकशी (सर्व्होकडून नकलकडे जाणाऱ्या दांड्याशी) काटकोनात राहील. एखाद्या दात्याचा फरक उरला तर तो लिंकची लांबी बदलून काढा, ट्रिमनं नको.

*तपासा:* रिमोटवरची स्टिअरिंगची टोकं (एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो किती वळेल ती मर्यादा) कमी करा. पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला, तर नकल वळण्याच्या मर्यादेला टेकल्यावरही तो ढकलतोय आणि तसाच तापून जळणार आहे. गुणगुण थांबेपर्यंत टोक आत घ्या, दोन्ही बाजूंना वेगवेगळं.

टप्पा ६: लिंक, शॉक आणि ड्राइव्हशाफ्ट

लिंक बदलताना एकच नियम: भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची लांबी मूळ लिंकइतकीच. एका वेळी एकच लिंक काढा. चारही काढल्या की ॲक्सल लोंबतो आणि कोन पुन्हा जुळवण्यात संध्याकाळ जाते. पोलादी लिंक जड आणि खाली, म्हणून खालच्या लिंकला उत्तम. टायटॅनिअम हलकं आणि वाकून परत सरळ होणारं. ॲल्युमिनिअम एकदा वाकलं की वाकलं, आणि दगडावर खरडून खडबडीत झालं की पुढच्या दगडाला अडकायला लागतं.

पुढे पॅनहार्ड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) असेल तर तो आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर आणि शक्य तितके समान लांबीचे ठेवा. नाहीतर सस्पेन्शन दबताना चाकं आपोआप वळतात.

शॉकमध्ये लोक पातळ तेलाऐवजी जाड तेल आणि मऊ स्प्रिंगऐवजी कडक स्प्रिंग घालतात. क्रॉलरला उलटं हवं. २० ते ३५ वजनाचं सिलिकॉन तेल पुरे. तेल भरून दांडा हळूहळू वरखाली करा, बुडबुडे वर येईपर्यंत पाच-दहा मिनिटं उभं ठेवा, मग झाकण लावा. गाडी स्वतःच्या वजनानं शॉकच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश बसली पाहिजे, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरते.

थ्रॉटल दिल्यावर गाडी एका बाजूला पिळते, ती ड्राइव्हशाफ्टच्या पिळामुळे. पोर्टल ॲक्सलमध्ये गिअरची काही घट थेट चाकापाशी होते, म्हणून शाफ्टवर पीळ कमी आणि हा त्रासही कमी. बाकीच्यांनी एका बाजूची स्प्रिंग थोडी कडक करून पाहावी.

शाफ्ट बसवताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. एक ९० अंशांनी फिरला की चालताना धडधड सुरू होते. ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावरच आवळा.

*तपासा:* गाडी उचलून ॲक्सल पूर्ण लोंबू द्या, शाफ्ट सुटतोय का? मग पूर्ण दाबा, शाफ्टची दोन टोकं आत एकमेकांवर आपटतायत का? दोन्ही टोकांना स्टिअरिंग फिरवूनही हेच बघा.

टप्पा ७: ॲक्सलचे गिअर आणि बेअरिंग

बेअरिंगचा प्रश्न छोटा आहे: प्लॅस्टिकचे किंवा कांस्याचे बुश असतील तर रबर सीलचे बेअरिंग घाला, आधीच बेअरिंग असतील तर खराब होईपर्यंत हात लावू नका.

ओव्हरड्राइव्ह मात्र समजून घ्या. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरली तर नाक दगडावर ओढलं जातं आणि वळणही लहान होतं. समजा मागे ३३ आणि ८ दात्यांची जोडी आहे, म्हणजे ४.१२५, आणि पुढे ३० आणि ८, म्हणजे ३.७५. भागाकार १.१०, म्हणजे पुढे १० टक्के जास्त. दगडांसाठी हे चांगलं. सपाट, घट्ट जमिनीवर सतत चालवणार असाल तर शाफ्ट आणि गिअरवर उगाच ताण येतो. जोडी चुकून उलटी, म्हणजे कमी दात्यांचं मोठं गिअर मागे बसलं, तर गाडी चढावर मागून ढकलते आणि उलटते. बसवल्यावर कप्पा बंद करण्याआधी दाते मोजा.

गिअरमध्ये बारीकशी मोकळीक हवी, पण ती शिमनं (पातळ चकतीनं) जमवा. पूर्ण फेरी हातानं फिरवा. एका जागी अडलं तर गिअर तिरकं बसलंय. ग्रीस दात्यांवर लावा, कप्पा भरू नका.

टप्पा ८: मोटर, ईएससी आणि बॅटरी

आता मोटर, जर अजूनही हवीशी वाटत असेल तर. ब्रश मोटरमध्ये टर्न (तारेचे वेढे) जितके जास्त तितका वेग कमी आणि हळू चालवतानाचा ताबा जास्त. ३५ ते ५५ टर्न ही क्रॉलरची जागा. ब्रशलेस घेणार असाल तर सेन्सर असलेलीच घ्या. सेन्सरशिवायची साधी मोटर अगदी हळू चालवताना झटके देते, आणि क्रॉलरचं सगळं काम तिथेच असतं.

पिनियन घेताना पिच (दात्यांचं माप; काही ठिकाणी ते ‘मॉड’मध्ये लिहितात) जुळवा. ३२ पिच आणि मॉड ०.८ जवळजवळ सारखे आहेत. ४८ पिच आणि मॉड ०.६ मात्र सारखे नाहीत. दिसतात एकसारखे, फिरतातही, आणि दोन बॅटऱ्यांत मोठ्या गिअरचे दाते साफ होतात.

दोन्ही गिअरच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी घाला, दाबून मोटरचे स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर घड्या दिसल्या पण ती फाटली नाही, तर अंतर बरोबर आहे.

ईएससीत बॅटरीचा प्रकार लायपोवर (लिथियम पॉलिमर) ठेवा, म्हणजे व्होल्टेज पडल्यावर तो मोटरची वीज बंद करेल. ड्रॅग ब्रेक १०० टक्के करा, म्हणजे थ्रॉटल सोडताच गाडी उतारावर थांबेल. दोन सेलऐवजी तीन सेलची बॅटरी लावणार असाल तर ईएससी, मोटर आणि कूलिंगचा पंखा तिघांनाही ते व्होल्टेज चालतं ना, हे बघा. ईएससीवर लिहिलेलं असतं, पंख्याचं कोणी वाचत नाही.

*तपासा:* दहा मिनिटं चालवून मोटरला हात लावा. दोन-तीन सेकंदही बोट ठेववत नसेल तर पिनियनचे दाते कमी करा.

पहिल्या बॅटरीनंतर

घरी येऊन गाडी उलटी करा. ड्राइव्हशाफ्टचे ग्रब स्क्रू, मोटरचे दोन स्क्रू, बीडलॉकची कडी, सर्व्हो हॉर्नचा स्क्रू आणि चारही चाकांचे नट पुन्हा एकदा घट्ट करून पाहा. नव्या धातूच्या भागांवरचे स्क्रू पहिल्या फेरीत थोडे बसतात आणि तेच दुसऱ्या फेरीत गळून पडतात. चाकाच्या नटातली नायलॉनची कडी झिजली असेल, म्हणजे नट बोटांनीच पूर्ण फिरत असेल, तर तो नट फेकून नवा लावा. लायपो दिवसभर वापरणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

मग फळी काढा, आकडे लिहा, आणि पुढचा भाग त्यानंतर मागवा.